रत्नमालाची साखर

डिस्चार्ज कार्ड लिहून झालं होतं, फक्त सही राहिली होती, आणि रत्नमाला पुन्हा पडली.

मी तेव्हा मेडिसिनच्या स्त्री वॉर्डात इंटर्न होते; एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या वर्षाचे शेवटचे आठवडे चालू होते. सकाळचा राउंड संपत आला होता. डॉ. इम्तियाज मुल्ला, आमच्या युनिटचे एकमेव निवासी डॉक्टर, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून सही करायला वाकले, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरची म्हातारी ओरडली, "अहो डाक्टर, ही पोरगी बघा कसं करायली!"

रत्नमालाचे डोळे उघडे होते, पण त्यात ओळख नव्हती. दातखीळ बसलेली. पोलकं घामानं अंगाला चिकटलेलं. मुल्लासरांनी बोटाला सुई टोचून साखर पाहिली आणि तोंडातल्या तोंडात शिवी घातली. मी तिचा हात घट्ट धरला, त्यांनी शिरेतून ग्लुकोज सोडलं. हळूहळू तिची नजर माझ्यावर स्थिरावली.

"म्याडम," ती म्हणाली, "आता आज न्हाई ना सोडणार मला?"

"नाही गं," मी तिची समजूत काढली. "पण लवकरच सोडू. काळजी करू नकोस."

तिनं डोळे मिटून घेतले. मुल्लासरांनी डिस्चार्ज कार्ड फाडलं. असं फाडलेलं ते पहिलंच कार्ड नव्हतं.

त्या वर्षी आमच्या सरकारी कॉलेजात मेडिसिनच्या निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या होत्या. मुल्लासरांबरोबर रुजू झालेला एक जण दिवाळीच्या आत जागा सोडून गेला आणि पुन्हा परीक्षेला बसला. त्याला त्वचारोगशास्त्र हवं होतं. आमच्या बॅचची एमडीची प्रवेशफेरी चालू होती, आणि इंटर्नच्या खोलीत बोलणं एकच: रेडिओलॉजीच्या जागा कुठे भरल्या, स्किनच्या कुठे शिल्लक आहेत. मेडिसिनचं नाव निघालं की कुणी तरी हसायचं. आयुष्यभर म्हाताऱ्यांचे खोकले आणि नातेवाइकांचे मार, एवढंच त्यात आहे असं सगळे धरून चालत. मलाही पुण्याला रेडिओलॉजी लागली होती. संगमनेरला आमचं घड्याळांचं दुकान. बाबांनी गिऱ्हाइकांना पेढे वाटूनही झाले होते.

"गायधनी, तू अजून इथे काय करतेस?" मुल्लासर त्या दिवशी हात धुताना म्हणाले. "जा, रुजू हो. अंधाऱ्या खोलीत बसून फिल्म बघ. पेशंट तुझ्या अंगावर ओकणार नाही की तुला हाक मारणार नाही."

"तुम्ही का घेतलं मेडिसिन, सर?"

"वेड लागलं होतं." त्यांचे डोळे लाल होते. किती दिवस ते घरी गेले नव्हते, त्यांनाच ठाऊक.

रत्नमालाचं कोडं कुणाला सुटत नव्हतं. तिचं वय जेमतेम बावीस. मधुमेह नाही, कुठलं औषध चालू नाही, आणि तरी साखर अचानक जमिनीला टेकायची. कार्ड फाडलं त्या दिवशीच्या रक्तात इन्सुलिन नको तितकं वाढलेलं सापडलं. त्याचा एक सरळ अर्थ असा, की स्वादुपिंडात इन्सुलिन ओतणारी एखादी बारीक गाठ असावी. सीटी स्कॅनमध्ये एक जागा जराशी शंकास्पद दिसत होती. सर्जरीवाले खूश झाले. अशी केस क्वचित मिळते. पोट उघडायचं, गाठ शोधायची, नाही सापडली तर स्वादुपिंडाचा शेपटाकडचा तुकडाच काढायचा, असं ठरलं.

आमचे विभागप्रमुख डॉ. इंगोले मात्र खूश नव्हते. किडकिडीत अंगाचा, सावकाश बोलणारा माणूस.

"सासूला मधुमेह आहे, असं तिच्या केसपेपरवर कोपऱ्यात लिहिलंय," ते म्हणाले. "मधुमेहाची गोळी निरोग्याच्या पोटात गेली तरी रक्तात हेच चित्र दिसतं. डबा कोण आणतं?"

"सासरे, सर. तात्या."

"आजपासून बाहेरचा घास बंद. फक्त दवाखान्याचं जेवण. आणि रक्ताचा नमुना मुंबईला पाठवा, गोळीचा अंश आहे का बघायला."

तात्यांना सगळा वॉर्ड ओळखत होता. पांढरंशुभ्र धोतर, अंगातून अत्तराचा मंद वास. भेटायच्या वेळेला ते यायचे ते केळ्यांचा घड घेऊन, आणि खाटेखाटेला केळी वाटत जायचे. आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. मुलगा दिगंबर त्यांच्या मागे दोन पावलं, मान खाली घालून. बायकोशी तो बोलल्याचं मला आठवत नाही. तात्या रत्नमालाच्या पायथ्याशी उभे राहायचे, खाटेची दांडी धरून. ती पदर कपाळापर्यंत ओढून भिंतीकडे बघत बसायची. मी ती लाज समजत होते.

"सून नाही, लेक आहे माझी," ते मला म्हणाले. "कधी सोडताय, बाई?"

"आजार कळल्याशिवाय कसं सोडणार, तात्या?"

"बरोबर आहे. बरोबर आहे." त्यांनी माझ्या कोटावरचं नाव वाचलं. "गायधनी. म्हणजे नगर-नाशिकाकडल्या तुम्ही."

डबा बंद झाल्याचं त्यांना सांगितलं तेव्हा ते नुसते हसले. दुसऱ्या दिवशी मात्र जिन्यात मला थांबवून म्हणाले, "तुमच्या वडलांचं दुकान बसस्टँडच्या समोरच आहे ना? लई सज्जन माणूस म्हणतात." मी ते त्यांना सांगितलेलं नव्हतं. वॉर्डात कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मी 'हो' म्हणाले आणि भराभर जिना उतरले. खाली आल्यावर कळलं, मला वर जायचं होतं.

डबा बंद होऊनही रत्नमालाची साखर पडली. तीही मुल्लासरांनी 'ऑपरेशन पुढे ढकलून काही दिवस घरी पाठवू या का' असं सिस्टरांना विचारलं त्याच दिवशी. बाहेरून कुणी काही देत नव्हतं, म्हणजे गाठच असणार, असं सर्जरीवाल्यांनी गृहीत धरलं आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ पक्की केली. मुंबईचा रिपोर्ट यायला अजून आठवडा होता.

इंगोले सरांनी मला खोलीत बोलावलं.

"तू तिच्याशी बोललीस?"

"हिस्टरी घेतली, सर. दोनदा घेतली."

"हिस्टरी घेतलीस ते मी वाचलं. बोललीस का?"

मी हातातली वही मिटली.

"मुल्लाला सवड नाही. साठ पेशंट आहेत त्याच्याकडे. चार माणसांचं काम तो एकटा ओढतोय. मी तिथे गेलो की ती पदर ओढते. उद्या सकाळी तिचं पोट फाडणार आहेत." त्यांनी तिचा केसपेपर माझ्याकडे सरकवला. "आजची दुपार तुझी. दुसरं काही करू नकोस."

दुपारी वॉर्डात गेले तर घोडके सिस्टर वैतागून उभ्या होत्या. ऑपरेशनच्या आधी दागिने काढायचे, अंघोळ घालायची, केस सोडून दोन घट्ट वेण्या घालायच्या, असा शिरस्ता. रत्नमाला अंबाड्याला हात लावू देत नव्हती. अंगावर धावून गेली होती म्हणे.

"तुम्हीच सांगा हिला," म्हणून सिस्टर निघून गेल्या.

मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. काय बोलावं कळेना. परीक्षेत असले प्रश्न नसतात. मग मी माझ्या गावचं सांगितलं, दुकानातली सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवायची आणि आई कशी चिडायची ते सांगितलं. ती हसली. तिचे पुढचे दात किंचित फाकलेले होते, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. तिनं तिच्या भावाचं सांगितलं. आईबाप नाहीत, भाऊ इचलकरंजीला मागावर कामाला. तोच सांभाळायचा, त्यानंच लग्न लावून दिलं.

मग ती म्हणाली, "म्याडम, आपरेशन झाल्यावर किती दिवस ऱ्हायला मिळंल हितं?"

"जखम भरेपर्यंत. आठ-दहा दिवस."

"आन् जखम चिघळली तर?"

मी तिच्याकडे पाहिलं. त्या वॉर्डात रोज शंभर वेळा एकच प्रश्न कानावर पडायचा, घरी कधी जायचं. ही बाई राहायला किती मिळेल ते विचारत होती. फाडलेली डिस्चार्ज कार्डं माझ्या डोळ्यांसमोर आली. प्रत्येक वेळी ती पडली होती ती घरी जायचं ठरल्यावर. आणि शुद्धीवर आल्यावर तिनं मला काय विचारलं होतं, तेही आठवलं. मी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"रत्नमाला," मी अगदी हळू विचारलं, "घरी काय आहे?"

तिनं पदर सावरला. मग वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. दार रिकामं होतं.

"आमच्या खोलीला कडी न्हाई," ती म्हणाली. "व्हती. मामंजींनी काढून टाकली. धाकल्याला, म्हंजे आमच्या ह्यांना, रात्री मळ्यात पाणी धरायला लावतेत."

शेजारची म्हातारी कूस बदलून पलीकडे वळली. तिला ऐकू गेलं असावं.

"सासूबाईंना माहीत आहे?"

"आत्याबाई टीव्हीचा आवाज वाढवितेत."

"तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"थोरल्या जाऊबाईंनी सांगितलं व्हतं. त्यांच्या भावाला. म्हनून तर..." ती थांबली. "माझ्या लग्नाच्या आदल्या साली त्या हिरीत पडल्या. पाय घसरला म्हनतेत. त्यांच्या साड्या मामंजींनी मला नेसायला काढून दिल्या."

आत्याबाईंच्या गोळ्या चुकून जास्त झाल्या आणि त्या बेशुद्ध पडल्या, तेव्हा चार दिवस दवाखान्यात राहायला मिळालं, हे तिनं पाहिलं होतं. तेवढंच तिला उमगलं होतं. गोळी किती घ्यावी, कितीनं जीव जाईल, याचा तिला अंदाज नव्हता.

तिनं हात मागे नेले आणि स्वतःच अंबाडा सोडला. आतून प्लास्टिकची बारीक पुरचुंडी निघाली. ती तिनं माझ्या तळहातावर ठेवली. आत आत्याबाईंच्या मधुमेहाच्या उरलेल्या गोळ्या होत्या. मी मूठ मिटली.

"आता घरी धाडताल व्हय मला?" ती म्हणाली. "आजार न्हाई म्हटल्यावर?"

मी धावतच इंगोले सरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गोळ्या पाहिल्या, आणि सर्जरीच्या सरांना फोन करून ऑपरेशन रद्द केलं. पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू येत होता. सर शांतपणे "हो, खात्री आहे" एवढंच म्हणत राहिले.

पण रद्द झाल्याची बातमी आमच्याआधी तात्यांपर्यंत पोचली. कोण जाणे कशी. आम्ही वॉर्डात आलो तर ते दारात उभे, आणि मागे दिगंबरशिवाय आणखी पाच-सहा माणसं. खाली जीप चालूच होती.

"ऑपरेशन नाही म्हणता, तर लेकीला घेऊन जातो," ते त्याच मऊ आवाजात म्हणाले. "तुम्हाला फार तसदी दिली."

"आज नाही नेता येणार," इंगोले सर म्हणाले.

"का बरं? आमचं माणूस आहे."

"तिच्या पोटात औषध गेलंय. विषबाधेची नोंद करावी लागते. पोलिसांचा जबाब होईपर्यंत पेशंट हलत नाही. कायदा आहे, माझा इलाज नाही."

तात्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. "कुणी दिलं म्हणते ती?"

"ते शोधायचं काम माझं नाही."

मागच्या माणसांतला एक पुढे सरकला. मुल्लासर कुठून आले कळलं नाही, ते दाराच्या चौकटीत आडवे उभे राहिले. हातात रक्तदाब मोजायचं यंत्र तसंच होतं. त्या माणसानं त्यांच्या छातीवर हात ठेवून ढकललं. ते भिंतीवर आपटले, सरळ झाले आणि पुन्हा तिथेच उभे राहिले.

तात्यांनी हात वर केला. माणूस मागे झाला.

"दवाखान्यात धिंगाणा नको," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून हात जोडले. "बाई, तुम्ही लई जीव लावला तिला. वडलांना माझा नमस्कार सांगा."

त्या दिवशी बाबांना फोन करून मी दुकान आठवडाभर बंद ठेवायला लावलं. का ते सांगितलं नाही. तोवर सरांनी तात्यांचं वजन असलेलं तालुक्याचं ठाणं टाळून थेट जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना फोन केला होता. वॉर्डाच्या दारात पोलीस बसला. रत्नमालानं जबाब दिला. महिला हवालदार लिहून घेत होती, रत्नमालानं माझा कोट मुठीत धरला होता, आणि मध्येमध्ये थांबत ती कडीपर्यंत आली, साड्यांपर्यंत आली, विहिरीपर्यंत आली. एकदाही रडली नाही. भाऊ मिळेल त्या गाडीनं आला. तिला बघून तो मात्र जमिनीवर बसून रडला.

ती त्याच्याबरोबर इचलकरंजीला गेली. केस उभी राहिली. तात्यांना अटक झाली आणि थोड्याच दिवसांत जामीनही मिळाला. विहिरीच्या प्रकरणात काही निष्पन्न झालं नाही. साक्ष द्यायला कुणी पुढे आलंच नाही.

पुढच्या फेरीत मी पुण्याची जागा सोडली आणि आमच्याच कॉलेजात मेडिसिन घेतलं. बाबांनी फोनवर दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "कुणी जबरदस्ती केली का तुझ्यावर?" मुल्लासर तर भडकलेच. "अक्कल आहे का तुला?" म्हणाले, आणि लगेच निम्मा वॉर्ड माझ्या गळ्यात घातला. त्या वर्षी मेडिसिनला रुजू झालेली मी एकटीच.

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी अपघात विभागात एक पेशंट आला. छाती धरून, घामानं निथळत. धोतर चिखलानं भरलेलं. मी कार्डिओग्राम लावताना त्यांनी डोळे उघडले.

"गायधनी बाई," ते पुटपुटले.

हृदयविकाराचा मोठा झटका होता. मी इंगोले सरांकडे पाहिलं. त्यांनीही ओळखलं होतं.

"पेशंट आहे," सर म्हणाले. "चालू कर."

मी रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध चालू केलं आणि त्यांच्या उशाशी नाडी धरून उभी राहिले. त्यांचं मनगट थंड, बुळबुळीत होतं. मध्येच नाडी सुटली. हृदय नुसतं फडफडत होतं. मी शॉक दिला. दुसऱ्यांदा दिला. नाडी आली. तेव्हा मला काय वाटत होतं हे मला लोकांनी पुष्कळदा विचारलंय. खरं सांगायचं तर काहीच नाही. हात काम करत होते. भीती नंतर वाटली, ते झोपले आणि त्यांचा श्वास संथ चालू लागला तेव्हा.

बाहेर नातेवाइकांना सांगायला गेले. दिगंबर भिंतीला टेकून उभा होता. त्याच्याशेजारी बाकाच्या अगदी कडेला एक मुलगी बसलेली. अठरा-एकोणीसची असेल. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, हळदीचा पिवळेपणा अजून नखांत.

"ही कोण?" मी विचारलं.

"मालकीण," दिगंबर म्हणाला. "दुसरं लग्न झालं माझं."

रत्नमालाची सोडचिठ्ठी झाली होती की नाही, हे त्याला कुणी विचारलं नसावं.

"तात्या वाचले," मी सांगितलं. "धोका टळला. दहाएक दिवसांत घरी येतील."

दिगंबरनं सुटकेचा श्वास टाकला आणि चहा आणायला म्हणून गेला. मुलगी तशीच बसून राहिली. मी तिच्या शेजारी बाकावर बसले. माझ्यामागे पेशंट थांबले होते, आतून दोनदा हाक आली. मी उठले नाही. तिचं नाव विचारलं. वर्षा म्हणाली. गाव विचारलं, माहेरी कोण कोण ते विचारलं. ती एका शब्दात उत्तरं देत गेली. मग मी प्रश्न थांबवले आणि तिच्याबरोबर नुसती बसून राहिले.

"म्याडम," शेवटी ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत. "मला काईच झालेलं न्हाई. पन मला भरती करून घेता येतंय का?"

मी उठले, तिच्या दंडाला धरून तिला उठवलं, आणि घोडके सिस्टरांना आवाज देऊन स्त्री वॉर्डात एक खाट तयार करायला सांगितली.